मध्य भारतातले स्काऊट-गाईड, आणि इंदूरच्या शाळेने सुरुवात कुठून करावी

इंदूरमध्ये मराठी मंडळींनी चालवलेल्या एका शाळेतल्या शिक्षिकाताईंनी विचारले आहे: शाळेत पूर्वी स्काऊट-गाईड होते, मधल्या काळात बंद पडले, आता ते पुन्हा सुरू करायचे काम त्यांच्याकडे आले आहे. आपल्या भागात ही चळवळ आली कशी, तिची रचना कशी असते, आणि हा सगळा खटाटोप शेवटी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या परेडपुरताच असतो का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. परेडपुरताच असेल तर सुरूच करू नका. मुलींना पाय मिळवून चालायला शिकवायचे तर पीटीचा तास पुरतो. मी इंदुरात बरीच वर्षे गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख होते, आता नव्या कॅप्टनना शिकवते. बंद पडलेल्या पथकांची चौकशी केली की बहुतेक ठिकाणी तेच ऐकू येते. मुली होत्या, गणवेश होते, ध्वज होता, रजिस्टरही भरलेले होते. टोळ्या मात्र फक्त त्या रजिस्टरात होत्या. सहा ते आठ मुलींची टोळी, त्यांच्यातलीच एक नायिका, आणि त्या टोळीच्या अंगावर टाकलेले खरेखुरे काम, याला स्काऊटिंग म्हणतात. जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंतची सगळी रचना या टोळीच्या पाठीशी उभी राहण्यासाठी आहे.

मुळात सुरुवातच टोळीने झाली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काऊटिंगचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर घेतले. त्यांत बड्या शाळांतली श्रीमंत घरची मुले होती, तशी आसपासच्या गावांतली साध्या घरचीही होती. सगळ्यांना एकत्र मिसळून चार टोळ्या पाडल्या, प्रत्येकीला एका प्राण्याचे किंवा पक्ष्याचे नाव दिले आणि टोळीचा कारभार एका मुलाच्या हाती सोपवला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये या दोन घरांतली मुले एका तंबूत झोपणे ही मोठी गोष्ट होती. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला तेव्हा काही मुली न बोलावता, स्वतः जमवलेला गणवेश घालून तिथे हजर झाल्या. त्यांना परत पाठवणे जमले नाही, आणि १९१० मध्ये मुलींसाठी गाईड संघटना निघाली. गाईडिंग मुलींनी मागून घेतलेले आहे, हे पहिल्याच सभेत तुमच्या मुलींना जरूर सांगा.

भारतात कॅप्टन टी. एच. बेकर यांनी १९०९ मध्ये बंगळूरला पहिले पथक काढले. १९१० आणि १९११ मध्ये खडकी, शिमला, मद्रास, जबलपूर, लोणावळा इथे पथके निघाली. मुलींचे देशातले पहिले पथक १९११ मध्ये जबलपूरला सुरू झाले. म्हणजे भारतातल्या गाईडिंगचा जन्म आजच्या मध्य प्रदेशातला आहे. आपल्या राज्यातल्या शाळांत हे क्वचितच सांगितले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्थात ही सगळी पथके गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. भारतीय मुलांना गणवेश घालून रानात तंबू ठोकायला, खुणा वाचायला, टोळीने हालचाल करायला शिकवायचे, ही कल्पनाच सरकारला धोक्याची वाटत होती. मग आपल्या लोकांनी दार उघडण्याची वाट पाहिली नाही. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ च्या सुमारास शहाजहानपूरला मुले जमवली. मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी काम सुरू केले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१६ मध्ये अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली आणि टोपीऐवजी मुलांच्या डोक्यावर पागोटे दिले. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. मला या सगळ्यांत सेवा समितीचे काम सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यांनी स्काऊटिंग सरळ जत्रेत आणि कुंभमेळ्यात नेले. आजही आपल्याकडे मेळ्यात स्काऊट दिसले की लोक निर्धास्त होतात, त्याचे मूळ तिथे आहे.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा यांतले काही प्रवाह एक झाले, सेवा समिती वेगळीच राहिली. १९३७ मध्ये दिल्लीला पहिली अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा, झाली. त्या सुमारास बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल जे शेरे मारले त्यांनी लोक दुखावले, आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. संस्थापकाची पद्धत मोलाची मानणाऱ्या माणसांनी संस्थापकाचे बोलणे मात्र खपवून घेतले नाही. मोठ्या मुलींना हा प्रसंग अवश्य सांगावा. त्यांना तो नीट समजतो.

आता आपला मुलूख. जबलपूर ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात होते, इंदूर होळकरांचे. त्यातही इंदुरात ब्रिटिश रेसिडेन्सीचा भाग वेगळा आणि जवळच महूची लष्करी छावणी. संस्थानांत ही चळवळ दरबार आणि शाळाखाते यांच्या आश्रयाने वाढली, छावणीत गोऱ्यांच्या शाळांतून. त्यामुळे मध्य भारतात अमुक साली, अमुक माणसाने सुरुवात केली असे एका ओळीत सांगता येत नाही, आणि कुणी तसे छातीठोकपणे सांगितले तर विश्वास ठेवू नका. १९४८ मध्ये इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातली लहान संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले. देशपातळीवर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली; १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटनाही तिच्यात आली. या एकीकरणामागे शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मंगलदास पकवासा आणि कुंझरू यांचे मोठे श्रम होते. १ नोव्हेंबर १९५६ ला आजचा मध्य प्रदेश झाला, तेव्हा जबलपूर आणि इंदूर पहिल्यांदा एका राज्यात आले आणि नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले. इतक्या वेळा नकाशा बदलला, कार्यालये हलली, पदे बदलली. शाळेच्या ओट्यावर बसणारी टोळी तशीच चालू राहिली.

त्याच १९५६ मध्ये पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. देशभरातले स्काऊटर आणि गाईडर, म्हणजे पथके चालवणारी मोठी माणसे, जिथे शिकायला येतात ते ठिकाण आपल्याच राज्यात आहे, आणि इंदूरच्या शिक्षिका तिथे जायला कंटाळतात, हे मला पटत नाही. नर्मदा एक्स्प्रेसने पिपरियाला उतरायचे आणि पुढे घाट चढून वर जायचे. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड, १३५० मीटर, तिथून जवळ. पण खरी मजा शिखरात नाही. केरळची शिक्षिका, आसामचा रेल्वे कर्मचारी आणि तुम्ही, अशा अनोळखी माणसांची तिथे टोळी होते. तुम्हाला चूल मांडावी लागते, वाट्याचे लाकूड आणावे लागते, आपल्या पन्नाशीतल्या टोळीनायकाचे ऐकावे लागते. आपल्या मुलींना आपण काय करायला सांगतो ते स्वतःच्या हातापायांना कळते. बेसिक कोर्स, मग अॅडव्हान्स्ड, मग हिमालयन वुडबॅज, असा क्रम आहे. वुडबॅज झाले की गळ्यात दोन लाकडी मणी येतात, पुढे सहायक प्रशिक्षकाला तीन आणि प्रशिक्षकाला चार. बेसिक तुम्हाला विभागात किंवा राज्यात कुठेही करता येईल, आणि तो केल्याशिवाय पथक हाती घेऊ नका.

रचनेबद्दल थोडक्यात. सर्वांत लहान मुलांचे बनी. सहा ते दहा वर्षांचे मुलगे कब, मुली बुलबुल. दहा ते सतरा स्काऊट आणि गाईड. मोठ्या वयाचे, पंचविशीपर्यंत, रोव्हर आणि रेंजर. मुलांचे आणि मुलींचे पथक वेगळे, आणि मुलींच्या पथकाची कॅप्टन बाईच हवी. शाळेतली सगळी पथके मिळून एक गट, वर जिल्हा संघटना, मग विभाग, राज्य आणि दिल्लीचे राष्ट्रीय मुख्यालय. रेल्वेला आणि केंद्रीय विद्यालयांना या संस्थेत राज्याचा दर्जा आहे, त्यामुळे इंदुरातल्या केंद्रीय विद्यालयाचे पथक तुमच्या शेजारी असूनही तुमच्या जिल्ह्याच्या कारभारात येत नाही. तुमचा रोजचा संबंध जिल्ह्याच्या संघटन आयुक्तांशी, म्हणजे सगळे ज्यांना डीओसी म्हणतात त्यांच्याशी. गटाची नोंदणी, तिचे दरवर्षी नूतनीकरण, तुमचे वॉरंट म्हणजे पथक चालवण्याचे अधिकारपत्र, मुलींच्या चाचण्या, सगळे त्यांच्यामार्फत होते. कागद हिंदीत असतात, वेळेवर भरावे लागतात. नूतनीकरण चुकले की पुढच्या वर्षी चाचणीला बसायची वेळ आली तेव्हा मुलींचे नुकसान होते. कागदांबद्दल मी एवढेच सांगेन.

आणखी एक, पालक विचारतात म्हणून. स्काऊट-गाईडच्या नावाने दुसऱ्या संस्थाही चालतात. जागतिक स्काऊट संघटनेची आणि जागतिक गाईड संघटनेची भारतातली सदस्य संस्था भारत स्काऊट्स आणि गाईड्स हीच आहे. शुल्क भरण्याआधी पावतीवरचे नाव वाचायला सांगा. आणि एनसीसीशी तुलना होते तेव्हा फरक स्पष्ट सांगा: एनसीसी संरक्षण मंत्रालयाखाली, १९४८ च्या कायद्याने चालते, आपले काम स्वयंसेवी आहे, लष्करी नाही, पक्षीय नाही, आणि गाईडमध्ये मुली दहाव्या वर्षापासूनच येतात.

आता टोळीकडे येते, कारण तुमचे सगळे यश तिथे ठरेल. टोळ्या तुम्ही पाडू नका. मुलींना मैत्रिणी निवडू द्या, मग थोडी सरमिसळ करा. सातवीची हुशार मुलगी नायिका, हा शिक्षकांचा नेहमीचा मार्ग. माझा अनुभव असा की वर्गात मागे बसणारी, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी बहुधा उत्तम नायिका होते, कारण कुणाला भूक लागली, कुणाची चप्पल तुटली हे तिला आधी दिसते. नायिका, उपनायिका, वहीवाली, पैसे सांभाळणारी, दोरखंड-सामानवाली, मलमपट्टीवाली, प्रत्येकीला काम हवे. बिनकामाची एक जरी मुलगी राहिली तरी ती तीन आठवड्यांत यायची बंद होते.

सगळ्या नायिका आणि कॅप्टन यांची मानसभा महिन्यातून एकदा तरी घ्या. या सभेत कॅप्टनने ऐकायचे असते, आणि शिक्षिकेला तेच सर्वांत जड जाते. आमच्या एका मानसभेत श्रावणातल्या पदयात्रेचा विषय होता. दोन टोळ्यांना पाताळपाणीचा धबधबा हवा होता. एक नायिका, फारसे न बोलणारी, म्हणाली, 'वर डोंगरात पाऊस झाला तर खाली आपल्याला कळणारसुद्धा नाही.' २०११ च्या जुलैत तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली होती, ते तिला घरी सांगितलेले होते. मी मान हलवली नाही, मत दिले नाही. दहा मिनिटे वाद झाला आणि मुलींनीच जानापाव ठरवले. तिथला डोंगर ८५० मीटरच्या वर, चंबळचा उगम तिथला, आणि पावसाळ्यात वाट निसरडी असली तरी लोंढ्याची भीती नाही. मग कुठली बस, किती पाणी, पावसात स्वयंपाक कसा, हेही त्यांनीच लिहून आणले. मी निर्णय दिला असता तर जागा तीच ठरली असती, पण मुली माझ्यामागून नुसत्या चालत आल्या असत्या.

स्वयंपाकावरून आठवले. अभ्यासक्रमात भांड्यांविना स्वयंपाक येतो, आणि त्यासाठी माळव्यासारखा मुलूख नाही. बाटी हा भांड्यांविनाचाच पदार्थ आहे. बाफले करू देऊ नका, त्यांना आधी उकळायला पातेले लागते. पीठ धुतलेल्या पानावर किंवा स्वच्छ कापडावर मळायचे, गोवऱ्या पेटवून धग खाली बसू द्यायची, राख बाजूला सारून बाटी ठेवायची आणि फिरवत राहायची. घाईची टोळी ज्वाळेवर भाजते; बाटी बाहेरून काळी होते, आत कच्ची. परीक्षक बाटी फोडून मध्यभागी बोट दाबतात, तिथे पीठ चिकटले की गुण गेले. बटाटा ओल्या मातीत लिंपून त्याच निखाऱ्यांत पुरायचा, माती तडकली की तयार. या एका दुपारी टोळीचे सगळे दिसते: कोण धूर सोसते, कोण नुसती सूचना देते, कोण शेवटी आग विझवून पाणी शिंपडते. मी नायिकांबद्दलचे माझे मत अशा दुपारीच पक्के करते.

गाठी शिकवताना तसेच. डॉक्टरी गाठ, जुलाहा गाठ, खुंटाफास, ध्रुव गाठ, एवढ्या चार घट्ट येऊ द्या. फळ्यावर काढून नाही. डॉक्टरी गाठ झोळी बांधताना, खुंटाफास तंबूच्या खुंटीला, जुलाहा गाठ जाड-बारीक दोऱ्या जोडताना, आणि ध्रुव गाठ माणसाच्या कमरेभोवती, कारण ती ताण आला तरी आवळत नाही. डोळे मिटून बांधता आली म्हणजे आली.

सेवेचे म्हणाल तर उज्जैन आपल्यापासून तासा-दीड तासावर आहे. सिंहस्थात स्काऊट-गाईड मोठ्या संख्येने लागतात. मागचा २०१६ चा झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. आज सहावीत असलेली तुमची मुलगी तेव्हा नेमकी उपयोगी वयात असेल. सिंहस्थाला खानदेश आणि विदर्भातून फार माणसे येतात. हरवलेल्या आजी घाबरल्या की हिंदीतले प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरत नाहीत. आमच्या एका गाईडने अशा आजींना 'आजी, आधी पाणी प्या, मग गाव सांगा' एवढेच म्हटले आणि त्यांना रडू फुटले. मग गावाचे नाव आले, मुलाचे नाव आले, पदरात बांधलेली फोन नंबरची चिठ्ठीही निघाली. घरात मराठी बोलणाऱ्या इंदूरच्या मुलींकडे ही शिदोरी आयती आहे. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले, तेव्हा गर्दीत काय करायचे याचा सराव किती आधी व्हायला हवा हे सगळ्यांनाच कळले. म्हणून सेवेआधी दोर धरून मार्ग करणे, शिटीच्या खुणा, प्रथमोपचार, हे शाळेच्या मैदानावर पुन्हा पुन्हा करून घ्या.

पुरस्कारांचा मोह होईल. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईड कोटा आहे, त्यामुळे पालक पहिल्या दिवसापासून प्रमाणपत्राचे विचारतात. त्यांचे चूक नाही. साध्या घरातल्या मुलीला त्यातून नोकरी मिळाली तर मला आनंदच होतो. पण तयारीची वही एकीने लिहायची आणि बाकीच्यांनी उतरवायची, असे सुरू झाले की मुलींना पहिला धडा खोटेपणाचा मिळतो, आणि तोही अशा चळवळीत जिच्या नियमांत पहिलाच नियम विश्वसनीय असण्याचा आहे. चाचणीला चार मुली कमी गेल्या तरी चालतील.

वर्षाचा आराखडा मी असा करेन. जुलैत फक्त दोन टोळ्या, जास्त नाहीत, पाचवी ते सातवीतल्या. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, आणि परीक्षेच्या आठवड्याशिवाय खाडा नाही. प्रवेशाला निदान तीन महिने लागतात: प्रतिज्ञा, नियम, खूण, ध्वज, गणवेश, आणि महिनाभर घरी रोज एक सत्कर्म करून त्याची डायरी. गणवेश पहिल्या दिवशी आणायला लावू नका. ज्या मुली टिकतात त्यांनी दीक्षेआधी शिवावा, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी खऱ्या कमाईतून पैसे उभे करा. दिवाळीआधी आकाशकंदील आणि उटण्याच्या पुड्या करून विकल्या तर लोकमान्य नगर, रामबाग या आपल्या वस्त्यांत हातोहात खपतात. दीक्षाविधी ७ नोव्हेंबरला, संस्थेच्या स्थापना दिनी ठेवा, पालकांना बोलवा. तोवर तुमचा बेसिक झालेला असेल असे पाहा. पहिले एका रात्रीचे शिबिर डिसेंबरात, शाळेच्याच आवारात. दुसऱ्या वर्षी याच दोन टोळ्यांतल्या जाणत्या मुली नव्या टोळ्यांच्या नायिका होतील, आणि त्यांतल्या मोठ्यांना पुण्याच्या 'संगम'ला घेऊन जा. १९६६ पासून चालणारे ते गाईडांचे जागतिक केंद्र, जगातल्या पाचांपैकी एक. तिथे परदेशी मुलींशी बोलताना आपल्या मुली आधी लाजतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना फुगडी शिकवतात.

मुख्याध्यापकांना आजच दोन गोष्टी मागा: शनिवारचा तुमचा दीड तास दुसऱ्या कुठल्याही कामाला न देण्याचे आश्वासन, आणि दोरखंड, लाठ्या व प्रथमोपचाराची पेटी ठेवायला कुलपाचे एक कपाट, ज्याची एक किल्ली टोळीच्या सामानवालीकडे राहील.